महाडच्या सत्याग्रहाची कारणे व परिणाम लिहा



स्मरणिकेसाठी लेख हवा असा फोन आला तेव्हा सगळ्यांची अपेक्षा होती की मी कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीन. वीस-बावीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर ती अपेक्षा चुकीची नाही. पण मला इतिहासाच्या पेपरातला एक प्रश्न पुन्हा सोडवायचा आहे. 'महाडच्या सत्याग्रहाची कारणे व परिणाम लिहा.' पाच मार्कांचा प्रश्न होता. मला पाचपैकी पाच मिळाले होते आणि सरांनी माझे उत्तर वर्गात वाचून दाखवले होते. ते उत्तर अपुरे होते, हे कळायला मला जवळजवळ तीस वर्षे लागली.

पाठ केलेले उत्तर आजही आठवते. महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना पाणी भरू देत नसत, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली सत्याग्रह केला, त्यामुळे समाजात जागृती झाली. एवढेच. यात खोटे काही नाही. पण जरा विचार करा. पाणी भरू न देण्याची रीत तर पिढ्यान् पिढ्या चालू होती. मग १९२७ सालीच का? आणि मुंबई-पुणे सोडून महाडलाच का? 'कारणे' म्हणजे खरे तर या दोन प्रश्नांची उत्तरे.

कारणे

पहिले कारण ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तो हक्क आधीच मिळालेला होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा सांभाळली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. सरकारने पुढच्याच महिन्यात आपल्या खात्यांना तशा सूचना दिल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस सुधारक विचारांचे होते.

म्हणजे कागद तयार होता. तरी पुढची तीन वर्षे तळ्यावर एकही अस्पृश्य माणूस पाणी प्यायला गेला नाही. जाऊ शकत नव्हता. अन्य धर्माचे लोक तिथे पाणी भरत, गुरेढोरे पाणी पीत, पण याने ओंजळ बुडवली तर मार बसेल हे त्याला पक्के ठाऊक होते. आमच्या धंद्यात असे नेहमी होते. एखाद्याला सिस्टिममध्ये परवानगी देऊन ठेवलेली असते, पण आत जाणारे बटणच त्याच्या स्क्रीनवर दिसत नाही. कागदोपत्री सगळे बरोबर, आणि काम मात्र शून्य.

दुसरे कारण म्हणजे तो कागद वाचू शकणारी माणसे महाडच्या आसपास होती. कोकणातले अनेक महार कुटुंबांतले पुरुष इंग्रजांच्या पलटणीत होते. पलटणीत लिहायला-वाचायला शिकले, पेन्शन घेऊन गावी परतले. पुढे सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध आवाज उठवणारे गोपाळबाबा वलंगकर हेही निवृत्त सैनिक, जोतीराव फुल्यांच्या विचारांचे आणि महाडजवळच्या रावढळचे. ज्या फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्यांचा विचार असा घाट उतरून कोकणात गेला होता. शिवाय महाड भागातली माणसे मुंबईत गिरण्यांत आणि गोदीत कामाला होती. गाव आणि मुंबई यांच्यात माणसांबरोबर बातम्या आणि विचारही ये-जा करत होते.

तिसरे कारण म्हणजे संघटना आणि सोबती. रामचंद्र बाबाजी मोरे हा त्याच भागातला तरुण. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवण्यासाठीसुद्धा त्याला झगडावे लागले होते. महाडला परिषद घ्या, असा आग्रह त्याने आंबेडकरांकडे धरला. आंबेडकर तेव्हा पस्तिशीचे होते. न्यूयॉर्क आणि लंडनच्या पदव्या घेऊन, बॅरिस्टर होऊन परत आलेले. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली होती. त्यांच्याबरोबर अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, टिपणीस असे सवर्ण समाजातले लोकही होते. हे मला शाळेत असताना लक्षातच आले नव्हते. वरच्या जातीत जन्मलेल्या काही जणांनी आपल्याच लोकांचा रोष पत्करून या बाजूला उभे राहायचे ठरवले होते.

प्रत्यक्ष घटना

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दूरदूरच्या गावांतून माणसे चालत आली. परिषदेला लागणारे पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले. ज्या गावात नगरपालिकेचे तळे सर्वांना खुले होते, त्याच गावात.

दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी चित्र्यांनी मुद्दा काढला की नगरपालिकेने तळे खुले केले आहे, तर आपण सगळे मिळून आत्ताच तिथे जाऊ या. आणि मंडळी निघाली. आंबेडकर पुढे, मागे शिस्तीत चालणारा समुदाय. ते तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी प्यायले. मागोमाग इतर प्यायले. सगळे शांतपणे मांडवात परतले.

थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मांडवावर चालून गेला. माणसे परतीच्या तयारीत होती, काही जेवत होती. त्यांना मारले, अन्न मातीत मिळवले. बायका-मुलांनाही सोडले नाही. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला म्हणून ते वाचले. डाकबंगल्यात आंबेडकरांभोवती जमलेल्यांत पलटणीत लढून आलेले लोक होते. त्यांनी मनात आणले असते तर त्या रात्री महाडमध्ये काय झाले असते, याची कल्पना करा. ते फक्त शब्दाची वाट पाहत होते. आंबेडकरांनी सांगितले, हात उचलायचा नाही. आणि कोणी उचलला नाही. अहिंसा म्हणजे दुबळ्यांचा नाइलाज असे मला लहानपणी वाटायचे. महाडला ज्यांनी ती पाळली, त्यांना शस्त्र चालवता येत होते.

परिणाम

आता परिणाम. लगेच झालेले परिणाम एकामागोमाग एक लिहून काढले तर सगळे उलटे दिसतात.

तळे 'बाटले' म्हणून ते शुद्ध करण्यात आले. १०८ घागरी पाणी उपसून, त्यात पंचगव्य मिसळून, मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. म्हणजे कागदही गेला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचा असे ठरले, तर विरोधकांनी दिवाणी कोर्टात दावा लावला आणि १४ डिसेंबरला मनाईहुकूम मिळवला.

२५ डिसेंबरला हजारो माणसे पुन्हा महाडला आली. मांडवासाठी गावात जागा कोणी देईना, ती एका मुसलमान गृहस्थांनी दिली. आंबेडकर मुंबईहून पद्मावती बोटीने निघून दासगाव बंदरावर उतरले आणि तिथून महाडला आले. भाषणात त्यांनी १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेचा दाखला दिला. आपल्याला नुसते पाणी प्यायचे नाही, माणसामाणसांतली समता स्थापायची आहे, असा त्यांचा रोख होता. त्या रात्री मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

पण तळ्याचे काय? जिल्हाधिकाऱ्यांनी येऊन विनंती केली की कोर्टाचा हुकूम मोडू नका. जमलेले लोक तुरुंगात जायला तयार होते. रात्रभर विचार झाला आणि सत्याग्रह तहकूब करायचे ठरले. लोकांनी मिरवणुकीने तळ्याच्या कडेने फेरी मारली, पाण्याला हात न लावता, आणि ते परतले. मला महाडच्या हकिगतीत सर्वांत अवघड वाटते ती ही फेरी. मार खाऊन गप्प राहणे एक वेळ जमेल. जिंकायला आलो असताना, समोर पाणी दिसत असताना, कोर्टाचा मान राखून मागे फिरणे फार कठीण. पण आंबेडकरांना त्या सरकारशी आणि कोर्टाशी भांडण नको होते. त्यांना कोर्टाच्याच तोंडून हक्क वदवून घ्यायचा होता.

तो मिळायला दहा वर्षे लागली. महाडच्या कोर्टाने १९३१ साली निकाल दिला, तो आंबेडकरांच्या बाजूने. वादी अपिलात गेले. १९३३ साली ठाण्याच्या कोर्टातही हरले. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रीत कायद्याने मान्य करावी इतकी पुरातन आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारेच. वीस मार्चला प्यायलेल्या ओंजळभर पाण्याला कोर्टाची मान्यता मिळायला दहा वर्षांना तीनच दिवस कमी पडले.

या दहा वर्षांत महाडची माणसे थांबून राहिली नव्हती. डिसेंबरच्या परिषदेतच आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले. अंगावरची जातीची खूण ठरणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले, आणि अनेक जणींनी ते लगेच अमलात आणले. १९२९ साली पुण्यात पर्वतीच्या मंदिरासाठी सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि काही वर्षे चालला. तिथे दार उघडले नाहीच. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला आंबेडकरांनी धर्म बदलण्याचा निर्धार जाहीर केला. म्हणजे नाशिकच्या बंद दाराचाही परिणाम झालाच.

आणि १९५० साली राज्यघटना लागू झाली. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, हे आपण नागरिकशास्त्रात शिकलो. कलम १५ मात्र आपण नीट वाचले नाही. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरायला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाला मनाई करता येणार नाही, असे तिथे लिहिले आहे. देशाच्या घटनेत विहीर आणि तलाव हे शब्द आहेत. मसुदा समितीचे अध्यक्ष चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरलेले होते.

अमेरिकेत असेच पुढे घडले. १९५५ च्या डिसेंबरमध्ये माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही आणि त्यांना अटक झाली. तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, रोज चालत कामावर गेले. शेवट तिथेही कोर्टातच झाला. तिथे बसची जागा, इथे पिण्याचे पाणी. दोन्हीकडे लढा रोजच्या साध्या गरजेवरून उभा राहिला आणि दोन्हीकडे लोकांना आधी चालावे लागले.

उत्तरात राहून गेलेले

इथपर्यंतचे उत्तर तसे पुस्तकातले आहे. मी ते पुन्हा का लिहिले, ते आता सांगते.

शाळेसमोर रस्त्यापलीकडे एका घराची विहीर होती. उन्हाळ्यात शाळेतला माठ अकरालाच रिकामा व्हायचा आणि मधल्या सुट्टीत आपण मुली तिकडे पाणी प्यायला जायचो. पावसाळ्यात आपल्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस, आणि मार्चपासून हंडे घेऊन वणवण, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. त्या घरातल्या आजी ओट्यावर बसलेल्या असत. पोहऱ्याला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. आपल्यातली एक मुलगी बाजूला उभी राहून ओंजळ पुढे करायची आणि आपण वरून पाणी ओतायचो. पुष्कळ वेळा ते मीच ओतले आहे. पोहऱ्याची कड तिच्या हाताला लागू नये म्हणून तो जरा उंच धरायची सवयही मला झाली होती.

मी घाटघरची. शहरातल्या मुलींनी आमच्या बोलण्याला हसलेले, 'डोंगरातले' म्हणून बाजारात कोणी खालच्या नजरेने बघितलेले मी सोसले होते. तरी पोहरा उंच धरताना मला काही वाटले नाही. ज्या आठवड्यात महाडचा धडा झाला, त्याच आठवड्यात आपण त्या विहिरीवर रोज जात होतो. वर्गात चवदार तळे, सुट्टीत ही विहीर. दोन्ही एकत्र माझ्या डोक्यात आलेच नाही. सर, बाई, तुम्हाला ते दिसत होते का, असे मी विचारत नाही. आम्हाला दिसत होते.

मेळाव्याचा ग्रुप झाला तेव्हा मी तिला फोन केला. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर विहिरीचा विषय काढला. ती म्हणाली, "अगं, तुला आत्ता आठवलं होय! मी सातवीनंतर विहिरीवर आलेच नाही. घरून बाटली आणायचे. तुमच्या कोणाच्या लक्षातच आलं नाही." खरेच आले नव्हते. मग मी म्हटले, मी हे स्मरणिकेत लिहिणार आहे, चालेल का? ती जरा थांबून म्हणाली, "लिही. पण नाव घालू नको. आणि बिचारी म्हणून लिहू नको. मी त्या सहलीत प्यायले होते ना पाणी."

ती सहल आठवते का? आपण नाणेघाटात गेलो होतो. सरांनी सातवाहनांच्या काळची लेणी दाखवली, जकातीचा दगडी रांजण दाखवला आणि सांगितले की दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेने व्यापारी कोकणातून जुन्नरला यायचे, त्यांच्यासाठी ही पाण्याची टाकी कातळात खोदली आहेत. ऊन मी म्हणत होते. ती सगळ्यांच्या आधी पुढे गेली, टाक्याच्या काठावर गुडघे टेकून वाकली आणि दोन्ही हातांनी पाणी प्यायली. मागोमाग आपण सगळे त्याच टाक्यातले पाणी प्यायलो. मला वाटायचे की तहान लागली होती म्हणून ती धावली. फोनवर ती म्हणाली की धडा वाचून झाला होता आणि सकाळपासून तिने ते ठरवूनच ठेवले होते.

म्हणजे आपल्या वर्गात महाडच्या धड्याचा परिणाम एका मुलीवर झाला होता. मला फक्त पाच मार्क मिळाले होते.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी नाणेघाटात जायचा बेत आहे असे कळले. ती येणार आहे, मीही येतेय. सरांना जमत असेल तर त्यांनीही यावे. गाडी अगदी वरपर्यंत जाते, चालावे लागत नाही. ज्यांना त्या विहिरीची आठवण असेल त्यांनी तिथे बोलावे. सुरुवात मी करीन. आणि सर, या उत्तराचे मार्क पुन्हा द्यावेत, ही विनंती. पहिले पाच मी परत करते.